सावलीबाईंची खिंड

मी जॉयस्टिक बोलतेय. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा दांडा म्हणा हवं तर, पण खेळणं म्हणू नका. त्या शब्दाचा मला राग येतो.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी स्प्रिंग ताठ होती आणि मानही. पहिल्या मालकानं मला लढायांना जुंपलं. उठता-बसता गोळीबार! सहा महिन्यांत तो कंटाळला आणि मी खोक्यात जाऊन पडले. तिथून त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीनं मला मागून नेलं. तिच्या आईचं मोडलेलं मनगट नुकतंच जुळलं होतं, आणि व्यायाम म्हटला की आई नाक मुरडायची. म्हणून मुलीनं तिला विमान उडवायचा खेळ लावून दिला.

आई सत्तरीची. सगळी नोकरी नकाशांच्या कचेरीत गेली. विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली ठेवायचे आणि त्यावरून डोंगरांच्या रेषा काढायच्या, हे तिचं काम. दुर्गम डोंगरांचे चढ-उतार तिला तोंडपाठ, पण तिथे पाऊल एकदाही टाकलेलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हिनं तर जन्मभर ते दुरूनच मोजले.

एक सल मात्र होता. एका निर्मनुष्य दरीच्या टोकाशी तिनं खिंड दाखवली होती. साहेबांनी ती खोडली. म्हणाले, खिंड कसली, ढगाची सावली आहे ती. नकाशा खिंडीविनाच छापला गेला आणि कचेरीत हिचं नाव पडलं सावलीबाई. निरोपसमारंभातही कुणीतरी ते काढलंच. चारचौघांत तीही हसली, पण ते तिच्या मनातून गेलं नाही.

या खेळातले डोंगर उपग्रहाच्या मोजमापांवरून बनवलेत, असं मुलगी सहज बोलून गेली. त्या दिवशी आईनं मला पहिल्यांदा घट्ट धरलं. खिंड खरी असेल, तर ती इथे दिसणारच होती.

आम्ही तेवीस वेळा आपटलो. दोष माझा नव्हता, हे नम्रपणे नमूद करते. धावपट्टी उत्तरेला. तिथून उडायचं, दरीत शिरायचं, दरीला दोन वाटा फुटतात त्या फाट्याशी डावीकडे वळायचं, की समोर कडा उभाच. तिसऱ्या आठवड्यात तिनं मला बाजूला सारलं. "साहेबांचंच खरं असेल," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थबकली.

"अगं, नकाशात उत्तर कायम वर असते," तिनं मुलीला हाक मारून सांगितलं. "इथे मी दक्षिणेकडे चाललेय. माझं डावं ते इथे उजवं!"

चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय? घड्या तशाच टाकून ती खुर्चीत बसली. या वेळी फाट्याशी तिनं मला उजवीकडे कलवलं. दोन्ही बाजूंचे कडे जवळ जवळ येत गेले, खाली नुसता बर्फ, आणि मग दोन शिखरांच्या मधोमध आभाळ दिसलं. मी विमान जराही हलू दिलं नाही. आम्ही आरपार गेलो. मुलगी टाळ्या वाजवत होती आणि आई रडत होती.

पुढच्या रविवारी तिनं साहेबांना चहाला बोलावलं. ते पंच्याऐंशीचे, काठी टेकत आले. तिनं जुना विषय काढलाच नाही. त्यांना खुर्चीत बसवलं, मला त्यांच्या हातात दिलं आणि वरून आपला हात ठेवला. फाट्याशी फक्त "उजवीकडे, साहेब" एवढंच म्हणाली.

खिंड ओलांडल्यावरही त्यांनी मला सोडलं नाही.

"बाई, तुमचा तो फोटो मी भिंगाखाली ठेवलाच नव्हता," ते म्हणाले. "न बघताच खोडलं."

तिनं त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. मग म्हणाली, "आज बघितलंत ना? झालं तर."

आता माझी स्प्रिंग सैल झालीय. मुलगी नवी जॉयस्टिक आणायचं म्हणते. आणू दे, माझी ना नाही. विनंती एवढीच की नवीला कुठेही नेण्याआधी एकदा त्या खिंडीतून न्या. आपण कुणाच्या जागी आलोय, ते तिला कळू दे.