तिसऱ्या प्रकरणाची पानं

सत्यशीलानं तिसऱ्या प्रकरणाची एक्केचाळीस पानं गठ्ठ्यातून उपसली आणि मांडीवर पालथी ठेवली. बाइंडिंगवाल्या गोपालनं उरलेला गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून कडा सारख्या केल्या.

"मॅडम, बांधू काय?"

"थांबा जरा."

तिचे मार्गदर्शक घनश्याम सरांनी प्रबंधावर सही केली होती ती हे प्रकरण काढण्याच्या बोलीवर. "बाहेरचे परीक्षक विचारतील, जर्मन तत्त्वज्ञाचा आणि कॅरिबियन बेटाचा संबंध काय? सत्यशीलाबाई, कॉलेजात कायमची जागा हवी की ते बेट, एकदाचं ठरवा," असं ते हसत हसत म्हणाले होते. त्या हसण्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. नऊ वर्षं ती तासिकेवर शिकवत होती. आज पाचला प्रबंध जमा करायची, विद्यापीठाच्या केंद्राची खिडकी बंद होणार. प्रकरण ठेवलं आणि सरांनी सही मागं घेतली, तर सगळं मातीत.

शेजारच्या स्टुलावर तिचे वडील, उकंडाबाबा, बसले होते. कव्हरवर सोनेरी अक्षरं उमटताना बघायची म्हणून ते बोरी अरबहून तिच्यासोबत एसटीनं यवतमाळला आले होते.

"हे पानं काहून काढले वं?"

"सर नाही म्हनतेत, बाबा."

"विहारात वाचले होते, तेच न हे?"

तीच होती. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, बोरीच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. एका रविवारी तिनं धीर करून हे प्रकरण वाचलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी त्या तत्त्वज्ञानं लिहिलं, की दोन माणसं झुंजतात, ज्याला मरणाचं भय वाटतं तो गुलाम होतो आणि दुसरा मालक. एवढं वाचून ती श्वास घ्यायला थांबली, तर लोकांनी सवयीनं हात जोडून "साधु, साधु, साधु" म्हणूनही टाकलं. खरी गोष्ट तर पुढंच होती. त्याच काळात एका बेटावर उसाच्या मळ्यांतले गुलाम उठले आणि स्वतंत्र झाले. युरोपच्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येत होत्या, तरी त्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकात त्या गुलामांचा साधा उल्लेख नव्हता. पुढं कॅरिबियन विचारवंतांनी ते पुस्तक मळ्यातल्या गुलामाच्या जागी उभं राहून पुन्हा वाचलं. सत्यशीलालाही ते तसंच वाचायचं होतं.

त्या दिवशी विहारात हात जोडले नव्हते ते एकट्या उकंडाबाबांनी.

"त्या मानसानं कधी सालदार ठेवला होता काय?" त्यांनी आता विचारलं.

"मले नाही माहीत. काहून?"

बाबांनी पानांकडं बोट केलं. गावातले जमीनदार नानाजी यांच्या घरी त्यांनी अकरा वर्षं सालदारी केली होती, वर्षाच्या बोलीनं राबायचं, दिवस-रात्र. नानाजींनी खुशीनं मोकळं केलं, असंच घरात सांगितलं जाई.

"मरनाले मी कधी भेलो नाही. तू तीन महिन्याची होती, म्हनून राह्यलो तिथं. मंग तू सात वर्साची झाली. नानाजी म्हने, उकंड्या, पाडव्यापासून पोरीलेबी आन शेन काढाले. त्या दिवशी लय भेलो. पाडव्याले नवं साल धरतेत, मी गेलोच नाही. दार लावून तुले पोटाशी धरून बसलो. बाहेर त्याईचा मानूस बोंबलून राह्यला होता. हात असे लटलट कापत."

त्यांनी हात पुढं केले. ते आताही कापत होते.

"भेलो म्हनून सुटलो, माय. तो तुया पुस्तकातला उलटं सांगते."

सत्यशीलाला ते बंद दार आठवलं. बाबांनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि तिला तो लपाछपीचा खेळ वाटला होता.

सरांचं हसू डोळ्यांसमोर आलं. तरी तिनं पानं सुलटी केली आणि गठ्ठ्यात जागच्या जागी सारली.

"गोपालभाऊ, कॉम्प्युटर चालू आहे ना? एक पान वाढेल."

गोपालनं घड्याळाकडं पाहिलं आणि खुर्ची सोडली.

"बाबा, हे लिवू काय? नाव नाही टाकत तुमचं."

उकंडाबाबांनी आधी रस्त्याकडं पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. नानाजींना जाऊन बारा वर्षं झाली होती.

"टाक नाव," ते हळूच म्हणाले. "पन उकंड्या नोको लिवू. पुरं लिव."

ती खुर्चीवर बसली. 'उकंडा दौलत मुनेश्वर' एवढं लिहायला तिला तीनदा खोडावं लागलं.