जिप्समच्या अर्ध्या टेकडीवरून

मी बोलतेय. जरा वाकून ऐका, माझी उंची तुमच्या घोट्याएवढीच आहे. ओमानमधल्या रुस्ताक गावापासून दोन तासांवर, जिप्समच्या पांढऱ्या टेकडीवर उगवणारी मी एक क्षुल्लक वनस्पती.

दुसरं काही जगत नाही तिथं मी मजेत जगते. शेळ्यांनी एकदा मला चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. तेवढा मान मला पुरेसा होता.

मग देविका आली. मूळची पुण्याची, मस्कतमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारी. माझी जांभळी फुलं भिंगातून बघत ती ओरडली, "अगं बाई! सापडलीस!"

मी हरवले नव्हतेच. पण त्या दिवसापासून मी दुर्मिळ झाले आणि माझे हाल सुरू झाले.

मला वाचवायला पाहुणे आले. 'पाऊल ठेवू नका' अशी पाटी लावली. तिच्या खड्ड्यात माझ्या सहा बहिणी गेल्या. एका साहेबांनी चार रोपं मायेनं उपटून मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या बंगल्यात नेली. काळी माती, शेणखत, रोज दोनदा पाणी. आठवड्यात कुजली. "क्लायमेट चेंज," साहेब हळहळले.

एवढी माया झाल्यावर खाणीचं यंत्र आलं. ते चालवणारा धनेश, कुडाळचा. अर्धी टेकडी त्यानं दोन दिवसांत खाल्ली. गुरुवारी सकाळी देविका धावत येऊन यंत्रासमोर उभी राहिली.

"धनेश, थांबा! काम थांबवायचा आदेश रविवारी निघतोय. आत्ता बी धरलंय हो यांनी. अजून पिकायचंय."

"मॅडम, अर्बाबान, आमच्या मालकान, सांगल्यान हा, शनिवारपर्यंत टेकडी खलास करूची. माजी नोकरी जायत."

देविका यंत्रासमोरून हलली नाही. धनेश खाली उतरला, उकिडवा बसला, माझ्याकडे बघत राहिला. "ह्या इतक्याश्यासाठी?" मलाही तेच वाटत होतं.

मग त्यानं इंजिन बंद केलं.

मुकादम यासिर गाडीतून आला. "क्या हुआ? यल्ला, यल्ला!"

"इंजन गरम हो गया, यासिरभाई. संडे को चलेगा, इन्शाल्ला."

यासिरनं इंजिनावर हात ठेवला. नुसतं कोमट होतं. त्यानं धनेशकडे पाहिलं, देविकाकडे पाहिलं. "इन्शाल्ला," म्हणाला आणि निघून गेला.

रविवारी कागद आला. पुढच्या आठवड्यात धनेशची बदली झाली. आता तो किनाऱ्यावरच्या बरक्याला रेती उपसतो.

हल्ली आम्ही अडतीस जणी आहोत. आमच्यावर गुळगुळीत पुस्तिका निघाली आहे. अकरा मान्यवरांचे आभार, सगळ्यांचे फोटो. धनेशचं नाव देविकानं लिहून दिलं होतं. छापताना गळलं म्हणे, जागा नव्हती.

तुम्ही मला भेटायला येऊ नका, पाणी तर मुळीच आणू नका. फक्त बरक्याच्या बाजूला गेलात तर धनेशला एवढं सांगा, की बी पिकलं.