थेटरातला शेवट

नवा पिक्चर थेटरातच बघायचा, हा आमच्या सासूबाईंचा हट्ट. अहो, थोड्याच दिवसांत तोच पिक्चर घरी टीव्हीवर येतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. बरं, मामंजी तरी बघतात का? दिवसभर घड्याळं दुरुस्त करून डोळे शिणलेले. अंधार झाला की जाहिराती संपायच्या आत घोरायला लागतात. तिकीट काढून झोपणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

एकदा मीही सोबत गेले, तेव्हा उलगडा झाला. पिक्चरमधली बायको नवऱ्याला सोडून गाडीत बसते आणि जाते. संपलं. चालत घरी येताना सासूबाई मामंजींना गोष्ट सांगत होत्या आणि मी मागून ऐकत होते. त्यांच्या गोष्टीतली बायको मात्र पुढच्या स्टेशनवर उतरली. तिथे नवरा घामाघूम होऊन उभा, हातात तिचा विसरलेला चष्मा. मामंजींनी चक्क डोळे पुसले.

महिन्याभरातच तो पिक्चर घरी आला. ‘आता नीट बघतो,’ म्हणत मामंजी चहा घेऊन सोफ्यावर बसले. भरदुपारचा उजेड, डुलकी लागायची सोय नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागल्या. ‘पूर्वी बरं होतं गं. वर्ष वर्ष पिक्चर घरी यायचा नाही, तोवर हे विसरून जायचे. आता माझी एक गोष्ट खरी मानायचे नाहीत.’

त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं. मी गुपचूप टीव्हीची वायर काढली. मामंजींनी ती लगेच जोडली. जन्मभर दुरुस्त्या केलेल्या माणसापुढे माझं काय चालणार?

बायको गाडीत बसली. गाडी गेली. नावं वर सरकायला लागली.

‘ही उतरत नाही?’ मामंजींनी विचारलं.

सासूबाई ओलं फडकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. ‘घरच्यासाठी शेवट कापला असेल,’ त्या म्हणाल्या.

मामंजींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

‘तरीच,’ ते म्हणाले. ‘चांगलं तेवढंच नेमकं कापतात मेले.’

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या आत गेल्यावर मामंजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

‘सूनबाई, शुक्रवारची दोन तिकिटं काढ. आणि कडेच्या खुर्च्या घे बरं का. डोकं टेकायला भिंत लागते.’