संताच्या कोपरापाशी खेचर

डोंगरावरच्या संग्रहालयात जायचं की नाही, यावर आमच्या घरात एकोणीस वर्षं वाद चालला होता. घर बार्सिलोनात, त्याच डोंगराच्या पायथ्याशी. गच्चीवर कपडे वाळत घालताना संग्रहालयाचा घुमट दिसतो. सरकते जिने जवळजवळ दारापर्यंत नेऊन सोडतात. तरी आई गेल्यावर मी बाबांना गावाहून इथे आणलं तेव्हापासून त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

बाबांचं नाव सिद्रू, वय अठ्ठ्याऐंशी. आमचं गाव बेनास्त, पिरेनीजच्या डोंगरात. तिथल्या छोट्या चर्चच्या भिंतींवर आठ-नऊशे वर्षांपूर्वी काढलेले संत होते. शंभरेक वर्षांमागे शहरातून माणसं आली. त्यांनी चित्रांवर सरसाने कापड चिकटवलं, वाळल्यावर ते रंगासकट सोलून काढलं आणि गुंडाळून खाली नेलं. ज्या खेचरावरून ते गेलं ते आमच्या आजोबांचं. गावाकडे माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, घराच्या नावाने ओळखतात. त्या दिवसापासून आम्ही 'खेचरवाले' झालो, आणि ते नाव कोणी कौतुकाने घेतलं नाही.

आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. पाद्रीबाबांचा हुकूम, मोडणार कसा? पण कापड लावायच्या आदल्या दिवशी आपण खिळ्याने चित्रावर आपलं खेचर कोरलं, असं ते मरेपर्यंत सांगत. कुठेही नेलं तरी हे बेनास्तचं आहे हे कळावं म्हणून. गाव हसायचं. पुढे चर्चमध्ये चित्राची नक्कल रंगवली, तिच्यात खेचर नव्हतं. मग तर गावाला रानच मोकळं मिळालं.

बाबा तोंडाने म्हणायचे, आपलंच बघायला तिकीट कशाला काढायचं. शनिवारी तीननंतर फुकट असतं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. खरं कारण मला माहीत होतं. खेचर नसलं तर? मग आजोबा खोटारडे, आणि बाबा जन्मभर त्यांच्यासाठी भांडले ते वाया. न बघण्यात आजोबांची अब्रू शाबूत होती.

या वसंतात डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाच आहे, कडेचं हिवाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं. मग मला राहवेना. मंगळवारी मी बाबांना न सांगता एकटी वर गेले. संतांच्या पायाशी उकिडवी बसून एकेक बोट तपासलं. काही नव्हतं. आजोबांचा मला इतका राग आला की घरी येईपर्यंत उतरला नाही.

जेवताना मी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, वर जाण्यासारखं काही नाही म्हणतात, नुसती गर्दी. बाबा हातानेच अंदाज घेत पावावर टोमॅटो चोळत होते. हात थांबला.

"तू जाऊन आलीस."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"कुठं बघितलंस?"

"पायाशी. चोरून कोरलं म्हणजे खालीच असणार ना."

"खाली? अगं, आपल्या चर्चमध्ये भिंतीला लागून दगडी बाक नाही का? त्यावर उभं राहून माझे वडील घंटेची दोरी ओढायचे. ते खाली वाकून कशाला कोरतील?"

त्या बाकावर बसून मी लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात डुलक्या काढल्या होत्या. संग्रहालयात चित्र आहे, बाक नाही, आणि मी मूर्खासारखी तिथल्या जमिनीवरून हिशेब केला.

बाबांनी पाव ताटात ठेवला. "शनिवारी जाऊ," म्हणाले. मग म्हणाले, "मला नीट दिसणार नाही. नसलं तर नाही म्हण. माझ्यावर दया करून खोटं बोललीस तर या घरात राहणार नाही."

शनिवारी गेलो. एका संताच्या कोपरापाशी, माझ्या डोक्याच्या वर, पंजाएवढे ओरखडे होते. चार पाय, शेपूट, कान. बाजूच्या पाटीवर त्याबद्दल एवढंच लिहिलं होतं: नंतरच्या काळात झालेली हानी.

"आहे," मी म्हटलं.

"खोटं."

"आहे, बाबा. शपथ."

त्यांना समोर बघून दिसत नाही, म्हणून त्यांनी तोंड दुसऱ्याच संताकडे वळवलं आणि डोळ्याच्या कडेने कोपराकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, दिसत नाहीये, उगाच आणलं.

"डावा कान अर्धाच आहे," बाबा म्हणाले. "लांडग्याने तोडला होता. ती गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही. खेचरावरून आधीच पुष्कळ हसत होते."

मी पुन्हा वर बघितलं. तो कान मलाही दिसला होता. मला वाटलं होतं, खिळा घसरला असेल.

बाबा तिथेच, तोंड भलतीकडे करून, रडत होते.