बायकांचं त्रेसष्ट नंबरचं टेबल

वर्गात नोल्फाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच असत. मुलं वाईट नव्हती, येता-जाता "काय म्हणता, नोल्फाआजी?" विचारत आणि मागे जाऊन आपल्या घोळक्यात बसत. एकाहत्तराव्या वर्षी चिलीतल्या वाल्पराइसोच्या विद्यापीठात जागतिक राजकारण आणि स्त्रियांचे हक्क शिकायला येणारी ती एकटीच. नवरा, लाउतारो, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लांब उत्तरेला, खाणींच्या गावात. घरी एकटीने चहापाव घेत बसण्यापेक्षा इथे माणसांचे आवाज तरी कानावर पडत.

त्या दिवशी त्यांच्या तरुण प्राध्यापिकेने, ओल्गिनबाईंनी, एका जुन्या नियमाचा विषय काढला. मतदानाला वहीत सही करून मतपत्रिका घ्यायची टेबलं बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. पुष्कळदा शाळासुद्धा वेगळ्या. "हा नियम गेला ते बरं झालं की वाईट? दोन पानं लिहून आणा."

"बरंच झालं," मागून यास्ना म्हणाली. "बायकांना काय रोग झाला होता का, वेगळं बसवायला?"

वर्ग हसला. नोल्फाने हात वर केला. "मला वाईट वाटलं होतं."

"का, नोल्फाबाई?"

"तिथे इस्मेनिया असायची," एवढंच नोल्फा म्हणाली. ओल्गिनबाई पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

तास सुटल्यावर यास्ना शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "आजी, इस्मेनिया कोण?"

मग नोल्फाने सांगितलं. सत्त्याऐंशी साली, लष्कराचं राज्य असताना, मतदार म्हणून नाव नोंदवायला ती रांगेत उभी होती. मागे एक धिप्पाड बाई, इस्मेनिया काताल्दो, मासळीबाजारातली. ज्या क्रमाने नावं नोंदली, त्याच क्रमाने वही; आणि त्या वहीचं जे टेबल, तेच कायमचं. वहीत नोल्फाच्या खाली इस्मेनिया. टेबल त्रेसष्ट.

पुढच्या वर्षी मतदान आलं. सत्तेवर बसलेला सेनापती राहावा की जावा, एवढाच प्रश्न. लाउतारोने नोल्फाला दंडाला धरून मुलींच्या शाळेच्या फाटकापर्यंत आणलं आणि राहावा, यावरच खूण करायची, असं बजावलं. रांगेत तिचा उतरलेला चेहरा इस्मेनियाने बरोबर हेरला.

"नवरा का गं तो?"

"हो."

"काय सांगत होता?"

नोल्फाने सांगितलं.

"सांगू दे की. तोंड त्याचं, फाटकही त्याचं. पडद्याआड थोडाच येणार आहे तुझा राजा?"

पडद्याआड नोल्फाने पेन्सिल उचलली आणि खूण तिला हवी तिथेच, 'जावा'वर केली. लाउतारोला ते मरेपर्यंत कळलं नाही. ठाऊक होतं ते फक्त इस्मेनियाला.

त्यानंतर प्रत्येक मतदानाला दोघी भेटत. नोल्फा बोल्दोच्या पानांचा चहा नि दोन पेले आणी, इस्मेनिया पाव आणि तळलेली मासळी. इस्मेनियाची सही एवढी मोठी, की खालून वर चढून नोल्फाच्या चौकटीत शिरायची. "तुझ्या घरात पाय पसरले बघ," ती म्हणायची. वीसबावीस वर्षं हे असंच चाललं. मग नियम बदलला, बाया-पुरुष एका टेबलावर आले, वह्या गेल्या, याद्या नव्याने लागल्या. नोल्फाचं नाव तिसऱ्याच शाळेत गेलं.

"तिचा पत्ता?" यास्नाने विचारलं.

"कधी घेतलाच नाही. कशाला घ्यायचा? वही होती ना."

यास्नाने फोन काढला. "मतदारयादी कुणालाही बघता येते. बघू?"

इतकी वर्षं हे आपणही कुणाकडून करून घेऊ शकलो असतो, हे नोल्फाला ठाऊक होतं. "बघ," ती म्हणाली.

यास्नाने नाव घातलं. पुन्हा घातलं, एक अक्षर बदलून. "काहीच येत नाही. गाव बदललं असेल."

"गाव बदललं तरी नाव राहतं, पोरी. माणूस गेलं की मगच काढतात."

यास्नाने फोन पालथा ठेवला. "आम्ही कॉफीला जातोय. चला ना."

"पुढच्या वेळी येईन. आज मला लिहायचंय."

घरी तिने दोन पानं लिहायला घेतली, झालं अर्धंच. नियम गेला ते बरं झालं, तिने लिहिलं. कुणाला वेगळं बसवणं चूकच. पण नियम काढण्याआधी आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बायांनो, एकमेकींचे पत्ते घेऊन ठेवा.

नोव्हेंबरात मतदान होतं. हल्लीच्या टेबलासमोर नोल्फाच्या पुढे कानात गाणी घातलेला एक जण होता, मागे एक जोडपं पडद्यांच्या किमतीवरून हळू आवाजात भांडत होतं. तिच्या पिशवीत चहाची बाटली होती. पेले तिने दोन घेतले होते, एक इस्मेनियाचा. सवयीने नाही, मुद्दाम.

टेबलावरच्या मुलीने यादी पुढे केली. खालच्या चौकटीत कुणा नोर्बेर्तोने आधीच सही केली होती, बारीक, आपल्या रेघेच्या आत राहणारी. नोल्फाने त्याच्या वरच्या, आपल्या चौकटीत सही केली. आता तिच्या चौकटीत सगळी जागा तिचीच होती.