नादकाट्याची साक्ष

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा कोणी चिमटा म्हणतो, तर कोणी जेवणाचा मोडका काटा. मी नादकाटा आहे. पोलादाच्या दोन भुजा आणि खाली एक दांडा, एवढंच माझं शरीर. घाटनांदूरजवळच्या एका वाडीतल्या शाळेत, कपाटाच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. स्वभावानं मी संशयी आहे, आणि त्याला माझा जन्म कारण आहे.

कारखान्यात माझ्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. कारागीर मला रबरावर आपटायचा, शेजारी खात्रीचा दुसरा नादकाटा वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. माझा स्वर खाली वाटला की भुजांची टोकं घासायची, चढा वाटला की बुडाशी कानस लावायची. दोघांचा आवाज अगदी एक झाला, तेव्हाच अंगावर ५१२ हा आकडा ठोकला गेला. वाजताना माझ्या भुजा एका सेकंदात पाचशे बारा वेळा थरथरतात. खोटं वाटत असेल तर मला वाजवून गालाला लावा. गुदगुल्या होतील.

शाळेत आलो तेव्हा सुग्रीव गुरुजी मला वाजवून पाण्याच्या पेल्यात बुडवायचे. पाणी उडालं की मुलं टाळ्या पिटायची. गुरुजींची बदली झाली आणि माझे दिवस फिरले. वर्षानुवर्षं मी धूळ खाल्ली. एकदा तर खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण उचलायला मला नेलं होतं. तेव्हापासून माणसांवरचा माझा उरलासुरला विश्वासही उडाला.

प्रियदर्शनी मॅडम शाळेत आल्या आणि मी पुन्हा उजेडात आलो. दसरा नुकताच झाला होता. गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. मॅडमनी चौथीच्या वर्गात मला टायरच्या तुकड्यावर आपटलं आणि आवाज कसा जातो ते सांगितलं. माझ्या भुजा शेजारच्या हवेला ढकलतात, ती हवा पुढच्या हवेला ढकलते, असं करत धक्का कानात पोहोचतो. कानात ढोलाच्या कातड्यासारखा पातळ पडदा असतो, तो थरथरतो. त्याच्यामागं तीन इवली हाडं असतात, ती ही थरथर आतल्या शंखासारख्या भागाला देतात. तिथून मेंदूला खबर जाते.

मग मॅडम मला वाजवून एकेकाच्या कानाजवळ नेऊ लागल्या आणि नंतर गालाला लावू लागल्या. “लई बारीक वाजतंय,” अभिमन्यू म्हणाला. त्याच्या शेजारी मंगल होती. ऐकू आलं का, असं विचारल्यावर ती आधी मॅडमच्या तोंडाकडं आणि मग पोरांकडं बघत राहिली. तिनं ‘हो’ अशी मान हलवली.

मॅडमना शंका आली. त्यांनी मला न वाजवताच तिच्या दुसऱ्या कानाशी धरलं. मंगलनं पुन्हा मान हलवली. वर्ग हसला.

अभिमन्यूनं लगेच आरोपपत्र वाचलं. ही हाक मारली तर वळत नाही आणि खिचडीची ताटं वाजली की सगळ्यात आधी पळते. “सोंग हाय मॅडम तिचं.” मलाही तसंच वाटलं. न वाजलेला नादकाटा ज्याला ऐकू येतो, त्याच्यावर माझ्यासारख्यानं विश्वास कसा ठेवावा?

मॅडमनी तिच्या आजीला बोलावलं. मंगलचे आईबाप दरवर्षी ऊस तोडायला जायचे, आणि ती गावात कौशल्याबाईंजवळ राहायची. आजी आल्या त्या तक्रारींची शिदोरी घेऊनच. घरीही हेच चालतं, म्हणाल्या. पाठमोरीला दहा हाका मारा, ढिम्म. समोर बसवून बोललं की सगळं कळतं.

“शिकायचंच नसंल तर ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “परवा टोळी निघतीय. आईबापासंगं कोपीवर धाडते. उसाच्या मोळ्या तर बांधंल.” कोपी म्हणजे तोडकऱ्यांची फडाजवळची पाचटाची झोपडी.

मंगल त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

मी टेबलावर पडलो होतो. वर्गातल्या हशात माझी थरथर अंगाला लावून बघायची तिची पाळी राहून गेली होती. तिनं मला हळूच उचललं, चपलेच्या टाचेवर आपटलं आणि माझा दांडा गालाला लावला. मग वर सरकवत कानामागच्या हाडावर टेकवला. तिचे डोळे मोठे झाले.

“वाजतंय,” ती म्हणाली.

“घ्या,” आजी म्हणाल्या. “आता कसं वाजतंय? म्या म्हणलं न्हवतं?”

मला वाटलं, निकाल लागला. मॅडम मात्र तिच्याजवळ वाकल्या. त्यांनी विचारलं, नुसतं थरथरतंय की आवाज येतोय? मंगलनं कानाकडं बोट केलं. “आतमंदी वाजतंय.” मग मॅडमनी मला तिच्या कानामागं टेकवून ठेवलं. आवाज संपला असं ती म्हणताच त्यांनी माझ्या भुजा कानाच्या भोकासमोर धरल्या. तिला काहीच ऐकू आलं नाही; दुसऱ्या कानाशीही तेच झालं. अभिमन्यूवर हाच प्रयोग केला, तर हाडावरचा आवाज संपल्यावरही त्याला कानासमोर मी ऐकू येत होतो.

“आजी, आवाज दोन वाटांनी आत जातो,” मॅडम म्हणाल्या. “एक कानाच्या भोकातून, एक डोक्याच्या हाडातून. हिची हाडाची वाट चालू आहे, म्हणजे आतला कान चांगला आहे. भोकाच्या वाटेत काहीतरी अडलंय. ती तुमचे ओठ बघून बोलणं ओळखते आणि पोरं उठलेली बघून ताटांकडं पळते.”

कौशल्याबाईंना ते पटेना. काट्यातच काही करामत असेल, अशी त्यांना शंका आली. आधी त्यांनी मला स्वतःच्या डोक्याला लावून घेतलं. मग मंगलला पाठमोरी उभी केली, डोळे मिटायला लावले आणि परीक्षा स्वतः घेतली; खांद्यावर थाप दिली की सांगायचं. कधी मला वाजवून तिच्या कानामागं टेकवायच्या, कधी मुठीत दाबून मुका करून टेकवायच्या. इतक्या संशयी हातांत मी कारखान्यानंतर पहिल्यांदाच पडलो होतो.

वाजत असलो की मंगल “हाय” म्हणायची. मुका असलो की “न्हाई.” एकदाही चुकली नाही. कानासमोर धरलं की मात्र दर वेळी “न्हाई.”

आजींनी मला टेबलावर ठेवलं. मंगलला समोर वळवून विचारलं, मग वर्गात खोटं कावून बोललीस?

“समदे हो म्हनत्यात. न्हाई म्हनलं की हसत्यात.”

आजींनी तिच्या कानावरचे केस मागं सारले. मग आजी स्वतःच म्हणाल्या, की हिचे दोन्ही कान फुटायचे, पू यायचा, आणि त्या लसणाचं तेल कोमट करून घालायच्या. “आता म्याच बिघडवलं म्हणा.”

“तसं कोणी म्हणत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण तेल बंद करा. उद्या अंबाजोगाईला दाखवून येऊ.”

तिथल्या डॉक्टरांकडं माझाच एक भाऊबंद होता आणि त्यानंही माझ्यासारखीच साक्ष दिली. दोन्ही कानांच्या पडद्यांना भोकं पडली होती. कान कोरडे ठेवायचे, औषध नेमानं घालायचं आणि पुढं गरज लागली तर शस्त्रक्रिया करायची. तोवर मंगलची जागा पहिल्या बाकावर. कोपीवर धाडायची गोष्ट आजींनी पुन्हा काढली नाही.

आणि मी? संशयी स्वभाव माझा अजून तसाच आहे. फक्त इतकं कळलं, की शंका आली तर ती शेवटपर्यंत तपासावी. अर्ध्यावर सोडलेली शंका लेकराच्या माथी बसते.

टोळी निघाली त्या सकाळी ट्रॅक्टर शाळेसमोर थांबला. मॅडम मला हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मंगल आमच्याकडं तोंड करून उभी होती. ट्रॉलीतून आईनं तिला हाक मारली, पुन्हा मारली. पोरगी वळली नाही. तेव्हा आई खाली उतरली, लेकीला वळसा घालून पुढं आली, उकिडवी बसली आणि तिचं तोंड ओंजळीत धरून काहीतरी बोलली. इंजिनाच्या धडधडीत ते आम्हाला ऐकू आलं नाही. मंगलनं मान हलवली. ही मान खरी होती.

मित्रांनो, तुमच्या हाकेला कोणी वळलं नाही, तर रागावण्याआधी एवढंच करा. गाडीतून उतरा आणि त्याच्या समोर जा.