फोटोत नसलेली जाऊ

थोरली त्या रविवारी फोटोग्राफी क्लबातून घरी आली ती तणतणतच. तीन महिने झाले, नवा कॅमेरा गळ्यात अडकवून ती वाचनालयाच्या माडीवर जात होती, आणि क्लबाचे प्रमुख, एक निवृत्त घड्याळजी, तिचे फोटो पाहून नुसतं "बरे आहेत" म्हणत. आज स्टँड उचलायला म्हणून धाकट्या जावेला बरोबर नेलं, तर त्यांनी सहज तिच्या हाती कॅमेरा दिला. एकच फोटो तिनं काढला. घड्याळजी म्हणाले, "बाई, तुम्ही आधी सभासद व्हा!" आणि अर्जच पुढे केला. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

धाकटीचा हात सरावलेला होता, त्याला कारणही होतं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं, वाढदिवस असो की वास्तुशांत, सासूबाई म्हणत, "तू जरा बाजूला हो गं. तूच काढ फोटो." शुभप्रसंगी विधवेचं तोंड नको ना!

अर्जावर फोटो चिकटवायचा होता. दुपारी थोरलीनं कपाटातले या अकरा वर्षांतले सहाही अल्बम चाळले. धाकटी एकाही पानावर नव्हती.

"तुझा एकही नाही गं," ती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. "राहू दे मग अर्ज."

"कसा असेल, ताई? सगळे मीच काढलेत."

संध्याकाळी थोरलीच्या लेकीचं लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर घरचे सगळे फोटोसाठी खुर्च्यांवर बसले. सासूबाईंनी सवयीनं कॅमेरा धाकटीपुढे धरला.

"आज नाही काढणार," धाकटी म्हणाली. "आज मी बसणार." आणि पुतणीशेजारी बसलीसुद्धा.

"अगं, शुभ दिवस आहे! जनाची नाही तर मनाची तरी ठेव. आणि फोटो काढणार कोण?" सासूबाई कडाडल्या.

सगळे थोरलीकडे बघू लागले. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर असतो, हे तिला क्लबात पहिल्याच रविवारी शिकवलं होतं. घरी तिनं त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. धाकटीला कुणी पाहावं, तिचं कुणी कौतुक करावं, हेच तिला सोसत नव्हतं. अपशकुनाचं निमित्त आयतं मिळालं होतं, इतकंच. लेकीसमोर तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं कॅमेरा स्टँडवर चढवला, बटण दाबलं आणि धावत येऊन धाकटीला म्हणाली, "सरक गं थोडी."

सासूबाई मात्र तरातरा उठून आत गेल्या. फोटोत त्यांची खुर्ची रिकामी आहे.

थोरलीचा मत्सर संपला का? छे हो! पुढच्या रविवारी धाकटीची वाहवा ऐकून तिचा पुन्हा जळफळाट झालाच. पण निदान आता ती त्याला शकुन-अपशकुन म्हणत नाही. वाचकहो, तुमच्या घरी "तूच काढ फोटो" असं कुणाला सांगतात? आणि ते सांगताना तुम्ही कुठे बसलेले असता?